कुंपणातली फट

दगडी कुंडातल्या पाण्याचा तो गारवा अजून माझ्या मनगटांना आठवतो. बांबूच्या लांब दांड्याच्या पळीने आधी डावा हात धुवायचा, मग उजवा, मग ओंजळीतल्या घोटभर पाण्याने चूळ भरायची आणि मगच देवापुढे जायचं. परक्या मुलखातला हा शिरस्ता किती लवकर आपला वाटू लागला होता!

ऐंशीच्या दशकात आम्ही हवाई बेटांवरच्या हिलो गावात राहत होतो. नवरा डोंगरावरच्या दुर्बिणीपाशी काम करून पहाटे परतायचा आणि दुपारपर्यंत झोपायचा. माझा पाय मात्र घरात ठरत नसे. मागच्या गल्लीत उसाच्या मळ्यांवर राबायला आलेल्या जपानी मजुरांनी बांधलेलं जुनं शिंतो देऊळ होतं. त्याची लाल लाकडी कमान ओलांडून मी रोज सकाळी आत जायची. आवारातल्या इवल्याशा तळ्याकाठी बेंतेन नावाच्या देवीची घुमटी होती. देवीच्या हातात तंतुवाद्य, पायाशी पाणी. ही तर आपलीच सरस्वती! बौद्ध भिक्षूंच्या पोथ्यांबरोबर ती चीनमार्गे जपानला पोहोचली, तिथल्या देवतांमध्ये मिसळून गेली आणि कुण्या मजुराच्या बोचक्यात बसून पुन्हा समुद्र ओलांडून इथे आली. मी मात्र एकच समुद्र ओलांडून थकले होते.

माझे बाबा नागपूरच्या शाळेत शिक्षक. पाटीपूजनाला मुलांचा हात धरून एकड्यांची सरस्वती काढून घेण्यात त्यांचा जन्म गेला. बेंतेनबद्दल कळल्यावर ते हरखून गेले. उन्हाळ्यात तिकडे आलो की आधी तिच्यापुढे सरस्वती काढणार, मग तुझ्या हातचा चहा, असं त्यांनी कळवून टाकलं. पण उन्हाळ्याच्या आधीच एका सकाळी भावाचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाला. होनोलुलू, टोकियो, मुंबई आणि मग नागपूर, इतका लांबचा प्रवास. तू पोहोचेपर्यंत कुणी थांबणार नाही, येऊ नकोस, असंही तोच म्हणाला.

आता या रिकाम्या हातांनी करायचं तरी काय? मी भांडी घासली, तीच पुन्हा घासली. पडदे काढले, धुतले, ओलेच लावले. रडू येईना आणि बसवेना. न्यू जर्सीला वेस्ट विंडसरमध्ये माझ्या सासरच्या काकू राहत, मोठ्या मायेच्या बाई. त्यांचा रोज फोन येई. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “अगं, लग्न झालेल्या मुलीला तीनच दिवसांचं सुतक. तुझं संपलं. आता डोक्यावरून आंघोळ कर आणि नॉर्मल रूटीन सुरू कर बघू.”

त्यांचं चुकलं नव्हतं. रीत तशीच आहे. पण भावाचं सुतक अजून चालू आणि माझं संपलं? ज्या बोटाला धरून आम्ही दोघं चालायला शिकलो, ते बोट काय दोन मापांचं होतं? मला फार राग आला. कुणाचा, ते मात्र कळेना. त्या रागातच नाहून मी देवळाकडे निघाले आणि कमानीपाशी पाय अडले. आतलं कुंड दिसत होतं, पाण्याची संथ धार ऐकू येत होती, पण पाऊल उचलेना.

देवळाच्या दिवंगत पुजाऱ्यांची पत्नी, मोरिता आजी, आत पानं झाडत होत्या. त्यांनी मला पाहिलं, झाडू टेकवून ठेवला आणि बाहेर आल्या. मी त्यांना बाबांचं सांगितलं आणि आमच्या तीन दिवसांचंही. त्या आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, “वडील गेले ना? मग लग्न झालेलं असो नसो, पन्नास दिवस आत येऊ नकोस. तोवर शेजारी जा.”

देवाच्या दारातून मला परत पाठवत होत्या, आणि मला वाटलं, कुणीतरी पहिल्यांदाच जवळ घेतलं! तिथेच उभी राहून मी रडले.

शेजारी म्हणजे बुद्धाचं देऊळ. दोन्ही आवारांमध्ये जास्वंदीचं कुंपण आणि त्यात माणूस जाईल एवढी फट. आजींनी मला त्या फटीतून पलीकडे नेलं. शिंतो देवांना मरणाचा विटाळ, म्हणून जन्मलेलं मूल त्यांच्या पायांवर घालायचं आणि गेलेलं माणूस बुद्धाच्या ओटीत. घरात कुणी गेलं की घरातलं शिंतो देवघरही पांढरा कागद लावून झाकतात. फार पूर्वी जपानच्या सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करायचा हुकूम काढला होता म्हणे. पण दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रू ठरला आणि इथल्या दोन्ही देवळांना कुलपं लागली, तेव्हा आजींच्या सासूबाईंनी दोघांनाही घरातल्या एकाच कपाटात जपून ठेवलं होतं. माणसाला दोघंही लागतात, त्याला हुकूम काय करणार?

त्यानंतर मी रोज त्या फटीतून जात राहिले. उदबत्ती लावायची, राखेत खोचायची आणि ती संपेपर्यंत बसायचं. बसणं जमत नव्हतंच. गुडघे वळवळत, मन नागपूरच्या ओसरीवर जाऊन येई. पण तिथे कुणी मला आता पुरे म्हणत नव्हतं. काकूंना मी हे कधी सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं.

पन्नास दिवस सरल्यावर आजी कमानीपाशी माझी वाट पाहत होत्या. आम्ही दोघी वाकून आत गेलो. डावा हात, उजवा हात, चूळ, तोच गारवा. आजी झाडायला गेल्या आणि मी ओल्या हातांनी तळ्याकाठी आले. बेंतेनपुढच्या काळ्या दगडावर ओल्या बोटाने एकडे मांडू लागले. ऊन चढलं होतं. सरस्वती पुरी होण्याआधीच तिची एक बाजू वाळून नाहीशी झाली. अर्धवट सोडू नये, असं बाबा प्रत्येक पोराला सांगत. मी बोट तळ्याच्या पाण्यात बुडवलं आणि पहिल्या एकड्यापासून सुरुवात केली.