दोनदा चिकटवलेलं पाकीट

दिगू आज पहाटे गेला.

एका गाडीच्या अकरा हजारांवरून याच दिगूशी मी चार महिने बोललो नव्हतो.

आजच लिहून टाकतो. उद्या धीर होणार नाही.

आम्ही भोपाळच्या एकाच शाळेत, एकाच बाकावर. मला कविता दोनदा ऐकली की पाठ. त्याला आठवडाभर घोकूनही नाही.
तो उभा राहिला की मी खालून हळूच ओळ सांगायचो.
एकदा बाईंनी त्याला शाबासकी दिली. हा म्हणाला, "बाई, ह्याने सांगितली."
दोघांनाही छड्या.

पुढे मी मास्तर झालो. अजूनही अर्धा जीव शाळेच्या पुस्तकांतल्या कवितांत असतो. तो सरकारी कारखान्यात परचेस ऑफिसर. चौतीस वर्षं सीलबंद टेंडरं उघडली.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बायकोचं, कुंदाचं, खुब्याचं ऑपरेशन ठरलं. सोमवारी.
नंतर स्कूटर बंद, ऑटोचे धक्के बंद, आणि आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी.
गाडी हवीच होती. जवळ सात लाख. वर एक रुपया नाही.

दिगू म्हणाला, घासाघीस करायची नाही, कोटेशन मागवू. तीन शोरूम, तेच मॉडेल, शेवटचा ऑन-रोड भाव, सीलबंद पाकिटात. शुक्रवारी चार वाजता उघडायची. सर्वांत कमी भाववाल्याची गाडी.
एका शोरूममध्ये विचारलं, "अंकल, गाड़ी लेनी है या पुल बनवाना है?"
दिगू हसला नाही.

पाकिटं आणायचं काम माझं.
"मास्तर, तू फक्त पोस्टमन. पाकीट उघडायचं नाही, तोंडही नाही."

पहिलं पाकीट सक्सेनांनी दिलं. चाळिशीचे, मऊ बोलणारे सेल्समन. माझ्यासमोर डिंक लावला. ओलाच होता.

जवाहर चौकात चहाच्या टपरीवर बसून मी ते उघडलं.

सात लाख चार हजार.

समोरच्या स्टेशनरीतून डिंकाची बाटली घेतली, पाकीट परत चिकटवलं.
दुसऱ्या शोरूममध्ये मॅनेजरने थंडा मागवला आणि सहज विचारलं, बाकीचे किती म्हणतायत.
मी सांगून टाकलं.
दहा मिनिटांत त्याचं पाकीट माझ्या हातात.

चार वाजता दिगूच्या मुलाच्या क्वार्टरचा व्हरांडा, शिवाजी नगर. कुंदा खुर्चीत. दिगूसमोर तीन पाकिटं आणि लाल पेन.
तिसऱ्या शोरूमचं उघडलं. सात एकोणीस.
मॅनेजरचं उघडलं. सहा अठ्ठ्याऐंशी. माझा श्वास मोकळा झाला.

सक्सेनांचं त्याने लगेच उघडलं नाही. उजेडात धरलं. कडेवरून अंगठा फिरवला.

"मास्तर, हे दोनदा चिकटलंय."

मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो.

"कुणाला सांगितलास भाव?"

मी सहा अठ्ठ्याऐंशीवर बोट ठेवलं. त्याने त्या कागदावर लाल रेघ मारली. सरळ, शांतपणे. मग सक्सेनांचं पाकीट दुसऱ्या बाजूने फाडलं. सात लाख चार हजार.

"दिगू, सोमवारी ऑपरेशन आहे."
"माहितेय."
"हे तुझं ऑफिस नाही. माझी बायको आहे."
"त्या सक्सेनानेही कुणासाठी तरीच पाकीट बंद केलं असेल."

मी उठलो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कुंदा म्हणाली, "भाऊजी, सक्सेनांकडेच जा. चार हजार कमी होतायत का बघा. नाहीतर मी येईन रिक्षाने, रडत रडत."

शनिवारी आम्ही सक्सेनांसमोर बसलो. सर्वांत कमी भाववाल्याशी बोलणी करता येतात, एवढं दिगूच्या नियमात बसत होतं. त्याने कोटेशनच्या एका ओळीवर पेन ठेवलं. हँडलिंग चार्ज, पाच हजार.
ही गाडी इथेच उभी आहे, कुणी हँडल केली, एवढंच विचारलं.

सक्सेना आत साहेबांकडे गेले. नाही.
परत गेले. नाही.

काचेपलीकडे गाडी उभी होती, आमच्या शाळेतल्या दौतीच्या शाईसारखी निळी. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून मी फरशी बघत होतो.

दिगूने पेनाला टोपण लावलं आणि उठला.
डोक्यात फक्त सोमवार.
तरी उठलो. दारापर्यंत गेलो. दिगूने दांड्याला हात घातला.

"सर, बैठिए."

सहा लाख नव्याण्णव हजार.

बाहेर पायरीवर दिगू म्हणाला, "आता आत जा. पाकीट तू उघडलंस हे त्यांना सांग."
"आता कशाला? त्यांचीच तर घेतली."
"मग सोपं आहे."

मी गेलो नाही.
अकरा हजार जास्त दिले याचाच राग धरून बसलो. ऑपरेशन झालं, कुंदा वॉकरवर आली, मग काठीवर. दिगू रोज तिला फोन करायचा. मी घ्यायचो नाही.

चार महिन्यांनी कुंदा काठीशिवाय फाटकापर्यंत चालत गेली. तिथूनच तिने त्याला बोलावून घेतलं. तो आला, गाडीच्या मागच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "मास्तर, एखादी कविता म्हण. लांबडी."
पाकिटाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. मीही नाही. तीन वर्षं.

आज विश्रामघाटावर सक्सेना आले होते. मधल्या काळात दिगूने कितीतरी जणांना त्यांच्याकडे पाठवलं होतं, सीलबंद पाकिटं आणायला.
दिगूला अग्नी दिला. माणसं पांगू लागली. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं. चौकातली टपरी, डिंकाची बाटली, तो मॅनेजर, सगळं.

सक्सेनांनी मान हलवली.

"पता था, मास्टर साहब. डिलीवरी वाले दिन आपके दोस्त वो लिफ़ाफ़ा मुझे दे गए थे. बोले, किसने खोला, मत पूछिए. वो खुद आकर बताएगा."

"तीन साल हो गए," मी म्हणालो.

"मैंने भी एक बार कहा था उनसे. बोले, आएगा. याद करने में तेज़ है, बोलने में देर लगाता है."

दिगू, सांगितलं रे.
या वेळी खालून कुणी ओळ सुचवली नाही.

उशीर झाला. नीट जा.

— तुझा बाकावरचा मास्तर