कातळावरचा दुसरा दवबिंदू

तमाम जनतेस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आज सकाळी माझ्या हातून डिंकाची बाटली लवंडली आणि बोटाला आलेल्या चिकट तारेने मला थेट कॉलेजच्या दिवसांतल्या घाटघरला नेले.

सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरच्या, गवतात दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीची रोपे उभी होती. दोऱ्यासारखी पाने, त्यांवर चकाकते चिकट थेंब, थेंबांत अडकलेली चिलटे. पण ओल्या कातळावर मला निराळेच काही दिसले: जमिनीला चिकटलेली, रुपयाएवढी लाल चक्रे, पाने चमच्यासारखी. ही नक्की दुसरी जात! माझ्या वनस्पतिसंग्रहाला वर्गात पहिला नंबर ठरलेलाच.

"काय राव, ही त्याचीच पिल्लं हायेत," माझ्याच वर्गातला माझा जिवलग मित्र दिन्या म्हणाला. "वाढली की उभी ऱ्हातील. चल, एस्टी चुकंल."

मी ऐकले. घरी पुस्तक उघडले, तर माझेच खरे होते. पुढच्या रविवारी धावत परत गेलो, तर कातळावरच्या मातीत नुसते खड्डे. गुरांनी खाल्ले असेल, असे वाटले. आज हसू येते, पण दिन्यावर संशय घेणे मला सुचलेसुद्धा नाही.

शेजारच्या भातखाचरात तण बेणणाऱ्या मावशींनी मान वर केली.

"आता काय हुडकतो रं? तुजा मैतर मंगळवारीच घिऊन गेला की! तूच धाडलंय म्हनला, म्हून म्या माजं खुरपं दिलं त्याला!"