रिपोर्ट थांबवायला आलेली बाई

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अजिबात नव्हता. या सदरातले अनुभव मी जेवताना बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि वर शेरे मारायचो. आज मीच लिहायला बसलोय, तेव्हा शेरे मारायचा हक्क आता तुमचा.

हडपसरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रेकॉर्डचं काम बघतो. डेटा संरक्षणाचा कायदा आल्यापासून कोणाची माहिती कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हेही माझ्याच गळ्यात पडलंय. त्यामुळे नावं बदलली आहेत, आणि तपासणी कसली होती ते विचारू नका.

मंगळवार होता. सकाळचे सव्वाअकरा. रिसेप्शनच्या मागे माझी काचेची केबिन आहे. काम करताना मान वर केली तर समोर एक बाई उभी. साठीच्या पुढची, ठेंगणी, हनुवटीवर हिरवं गोंदण. पायात चप्पल नव्हती... मला वाटलं, बाहेर काढून आली असेल.

“भाऊ, माह्या पोरीचा कागद आज जाईन. जाऊ देऊ नका.”

वऱ्हाडी बोली. आमच्या भागात तिकडची पुष्कळ मंडळी नोकरीला आली आहेत, त्यामुळे त्याचं नवल नाही.

“कसला कागद?”

“रक्ताचा. त्याच्यावर तिचा नवा पत्ता हाये. अन् फोन नंबर जावयाचा हाये. त्याच्या हातात पत्ता गेला तं तो तिले जित्ती नाही ठेवत.”

तिने मुलीचं नाव सांगितलं, आपण वैशाली म्हणू. मग सॅम्पलचा नऊ आकडी नंबर सांगितला. एकेक आकडा, सावकाश. हातात चिठ्ठी नाही, काही नाही.

मी नियमाचा माणूस. म्हणालो, “मावशी, या नावाचं कोणी आमच्याकडे येऊन गेलं की नाही, हेसुद्धा मी तुम्हाला सांगू शकत नाही. जिची माहिती, तिनेच अर्ज करायचा. आई असो नाहीतर कलेक्टर.”

“तिले माहीत असतं तं मी कायले आली असती, भाऊ?”

तेवढ्यात फोन वाजला. दोन मिनिटं बोललो असेन. बघतो तर बाई गेलेली. रिसेप्शनवरच्या प्राजक्ताला विचारलं.

“कोण बाई, सर? तुमच्याकडे आत्ता कोणीच गेलं नाही.”

हिचं लक्ष मोबाइलमध्ये असणार, असं मी मनात म्हटलं. पण तो नंबर काही डोक्यातून जाईना. शेवटी कॉम्प्युटरवर टाकला... आणि रेकॉर्ड उघडलं. वैशालीच होती. काही वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर आमच्याकडे येऊन गेली होती, तेव्हा नंबर त्याचा दिला होता. आता आमचा माणूस तिच्या नव्या खोलीवर जाऊन रक्त घेऊन आला होता. तिने आपला नवा नंबरही दिलेला. पण नाव आणि जन्मतारीख जुळल्यामुळे कॉम्प्युटरने जुनं आणि नवं रेकॉर्ड एक करून टाकलं होतं. नवा पत्ता, जुना मोबाइल. रिपोर्ट बारा वाजता आपोआप त्या जुन्या नंबरवर जाणार होता. घड्याळात अकरा चौतीस!

मी रिपोर्ट रोखला. जुना नंबर काढून टाकला. तिच्या नव्या नंबरवर तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही. चूक आमची होती, वेळेत सापडली, एवढंच तेव्हा वाटलं. बाईला हे कसं कळलं, हा प्रश्न मी सरळ बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी गोड. मोबाइल पुढे केला. ‘आपले सॅम्पल मिळाले आहे’ हा आमचा मेसेज सोमवारीच त्याला गेला होता.

“मिसेसचा रिपोर्ट आला नाही अजून.”

“ज्यांचा असेल त्यांना येऊ द्या.”

“अहो, रिपोर्ट राहू द्या हो. सॅम्पल कुठून उचललं, तेवढंच सांगा.”

तो हसत होता. मला मात्र घाम फुटला. त्याला तेच सांगितलं जे त्या बाईला सांगितलं होतं, शब्द न शब्द. अर्धा तास तो बाहेर गाडीवर बसून दाराकडे बघत होता. मग गेला.

गुरुवारी वैशाली आली. तिशीची, कामावरच्या गणवेशातच. एका कंपनीत पॅकिंगला होती, शिफ्टमध्ये फोन बाहेर ठेवावा लागतो म्हणाली. ओळखपत्र पाहिलं, तिला खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. चूक आमची, माफी मागतो, हेही सांगितलं. नवरा येऊन गेला हे ऐकून तिने आधी वळून दाराकडे पाहिलं.

“पण सर, तुम्हाला कळलं कसं?”

“तुमच्या आई आल्या होत्या ना मंगळवारी.”



“आई वाशिमकडे असते, सर. गावी. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हापासून ती उठली नाही, बोललीही नाही. मी घर सोडलं हे तिला कोणी सांगितलेलं नाही. माझा पत्ता तर भावालासुद्धा माहीत नाही.”

मी गोंदणाचं सांगितलं. तिने लगेच भावाला व्हिडिओ कॉल लावला. “आई दाखव,” एवढंच म्हणाली. भावाने फोन खाटेकडे फिरवला.

तीच बाई! गोधडी छातीपर्यंत ओढलेली, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, नजर छताला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. टेबलाची कड घट्ट धरून बसलो होतो, ते हात दुखायला लागल्यावर कळलं. मंगळवारी आई कुठे होती, असं वैशालीने भावाला विचारलं. “कुठं असनार? इथंच पडून होती,” तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मला वाटलं, ही आता रडेल. ती रडली नाही. खुर्ची पुढे ओढून म्हणाली, “सर, ती काय काय बोलली? जसं बोलली तसंच सांगा.”

मी सांगितलं. माझ्या पुणेरी तोंडातून ते कसंतरीच निघत होतं. तिने पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, “आवाज पहिल्यासारखाच होता का?” पहिला आवाज मला काय माहीत... मी “हो” म्हणालो.

तिने पोलिसांत तक्रार दिली, खोलीही बदलली. ती सुखरूप आहे.

राहिला कॅमेरा. केबिनमध्ये कॅमेरा आहे. त्याचं रेकॉर्डिंग बघायचं तर लेखी कारण द्यावं लागतं आणि ठरावीक मुदतीनंतर ते नियमाप्रमाणे पुसलं जातं. अर्ज मीच लिहायचा, मंजूरही मीच करायचा. रोज ठरवायचो, आज बघू. रोज राहायचं. खुर्चीत मी एकटाच बोलताना दिसलो असतो, तर? आणि ती दिसली असती, तर?

मुदत संपली. रेकॉर्डिंग पुसलं गेलं. त्या दिवशी काय झालं ते मला आजही माहीत नाही.