यांच्या शेवंतीच्या सहा कुंड्या

शेवंती लावावी हौशी माणसानं आणि सांभाळावी त्याच्या बायकोनं. आमच्या घरी तरी असंच झालं. पांढऱ्या शेवंतीच्या सहा कुंड्या यांच्या, फुटवे नरखेडकडच्या यांच्या गावाहून आणलेले. तीन वर्षांपूर्वी यांची उजवी बाजू लुळी पडली आणि कुंड्या माझ्याकडे आल्या. मला कोणी विचारलं नाही.

शेवंतीची फुलं दोन महिने, सेवा बारा महिने. बहर संपला की वीतभर ठेवून छाटा. बुडातून फुटवे येतात, ते उन्हाळाभर जगवा, पावसाळ्यात वेगळे करून लावा, मग शेंडे खुडत बसा. यात जगवणंच सगळ्यात जड. नागपूरच्या मे महिन्यात माणूस जगवताना नाकी नऊ येतात. यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं, हातपाय हलवून घ्यायचे, आणि वर मागच्या अंगणात बादल्या वाहायच्या. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तरी पलंगावरून रोज विचारणा व्हायचीच, "शेवंतीले पाणी टाकलं काय वं?"

मागच्या उन्हाळ्यात माझी कंबर धरली. कूलर मागच्याच खिडकीला. त्याची टाकी अधूनमधून रिकामी करावीच लागते, मग ते पाणी वाया कशाला घालवा? टाकीला नळी लावली आणि कुंड्यांत सोडली. आमच्या गल्लीत सगळ्याच जणी असं करतात. पण आमचं पाणी बोअरचं, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पांढरा थर धरणारं, टाकीत आटून आटून आणखी खारट झालेलं. आधी पानांच्या कडा जळल्या. महिनाभरात सहाही कुंड्या वाळल्या. माती उकरली तर मुळं काळी.

मी मागच्या पायरीवर बसून रडले. फुलांसाठी नाही, खरं सांगते. या माणसाजवळ दिवसभरात विचारण्यासारखं तेवढंच उरलं होतं, तेही मी संपवलं होतं.

म्हणून सांगितलंच नाही. रोज सकाळी चहा देतानाच म्हणून टाकायची, "शेवंतीले पाणी टाकलं जी." पाऊस पडल्यावर जरीपटक्याकडच्या एका नर्सरीतून पांढऱ्या शेवंतीची सहा रोपं आणली, ऑटोत पायाशी धरून. पुन्हा माती, शेणखत, शेंडे, काठ्यांचा आधार. कंबर आपली ठणकतच होती.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी पूजेआधी एक फुललेली कुंडी यांच्या पलंगाशी नेली. यांनी डाव्या हातानं एक फूल उलटसुलट करून पाहिलं.

"हे आपलं नाही."

मग मी सगळं सांगितलं, कूलरसकट. आता रागावतील म्हणून मान खाली घालून उभी राहिले.

"मले उन्हाळ्यातच समजलं होतं," हे म्हणाले. "बादलीचा आवाज बंद झाला, तवाच."

"मग बोलले काहून नाही?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, कित्येक महिन्यांत यांनी पाण्याचं विचारलंच नव्हतं. मीच न विचारता सांगत होते.

"मेली तं बरं वाटलं मले," हे सावकाश म्हणाले. "तुह्यं एक काम कमी झालं. अन् तू अजून सहा घेऊन आली."