मायच्या गालावरची तीट

नांदेडला भाचीनं बाळासाठी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरलं होतं. तो करपट वास नाकात शिरला आणि हदगावच्या घरातला जुना राग पुन्हा डोक्यात चढला.

तेव्हा मी मायचं चित्र काढत होते. जरा खोट दिसली की टराटरा फाडायचं आणि पुन्हा नवा कागद. कितीतरी फाडली. शेवटी एक मनासारखं उतरलं. पाणी प्यायला आत गेले आणि परत येऊन बघते तर चित्रातल्या मायच्या गालावर टपोरा काळा ठिपका. शेजारी माय उभी, बोटाला काजळ.

"माय, काय केलंस गं हे! वाट लावलीस सगळी!" मी किंचाळले.

"लई देखणं झालंय. दिष्ट लागंल."

मी फाडायला धावले. तिनं चित्र पाठीमागं धरलं.

"ही खोट माझी हाय, तुझी न्हाई. हात लावू नको."

महिनाभर मी तिच्याशी धड बोलले नाही.

आता माय नाही. तिचं तेवढंच एक चित्र उरलंय. राग मात्र अजून येतो. आधीच्या चित्रांनाही तिनं काजळ का नाही फासलं?