गंगावेशीतली रशियन शिकवणी

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले ती पुण्यात शिकलेली रशियन भाषा सोबत घेऊनच. तोंडी लावायलाही तिचा उपयोग नाही, असं सासरी सगळ्यांचं मत होतं. पण सत्तरच्या दशकात मुलं शिकायला रशियाला जाऊ लागली आणि माझ्या दारात चपला दिसू लागल्या.

त्यात एका फौंड्रीवाल्यांची मुलगी आली. लहानपणीच पाचगणीच्या इंग्रजी शाळेत ठेवलेली. वडिलांनी तिला घरात मराठी बोलायला बंदी घातली होती. त्यांना स्वतःला मात्र 'येस-नो'च्या पुढे इंग्रजी येत नव्हतं. तिला डॉक्टर व्हायला रशियाला जायचं होतं. वडिलांची अट एकच. मुंबईला प्रवेशासाठी रशियनमध्ये मुलाखत व्हायची, तीत पास झाली तर जाईल, नाहीतर इचलकरंजीचं स्थळ तयारच होतं.

"बाई, इंग्लिशमधनंच शिकवा," त्यांनी मला बजावलं. "मराठीत शिकून कुठं जाणार हाय ती?"

मी मान डोलावली नाही. रशियन विभक्ती तिला इंग्रजीतून समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. इंग्रजीत शब्दाची जागा बदलली की अर्थ उलटतो, म्हणून ती प्रत्येक शब्द जागेवर बसवू पाहायची आणि रडकुंडीला यायची. रशियन शब्द आपल्या मराठीसारखेच शेपूट बदलतात आणि वाक्यात हवे तिथे फिरतात. हे तिच्या कानात होतंच, शाळेनं त्याला बूच मारलं होतं. मला त्या शाळेचा आणि त्या बापाचा मनापासून राग यायचा.

मग मी तिला सकाळी गंगावेशीत नेऊ लागले. तिथे गवळी गिऱ्हाइकासमोरच म्हशीची धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. धारेपेक्षा बडबड जास्त.

"म्हशीनं गवळ्याला ढकललं," मी म्हणायचे. "गवळ्याला म्हशीनं ढकललं. पडलं कोण?"

"गवळीच."

"आता इंग्रजीत शब्दांची अदलाबदल कर."

ती करायची, म्हैस पडायची आणि ती खो खो हसायची. म्हशीला रशियनमध्ये काय म्हणतात ते मलाही आठवेना, मग गाईवर भागवलं: कारोवा, कारोवु, कारोव्ये. ओठांवर दुधाचा फेस घेऊन पोरगी म्हणायची आणि हळूहळू चुकेनाशी झाली.

एके सकाळी तिचे वडील स्कूटरवरून थेट तिथेच येऊन उतरले. कुणीतरी चुगली केली असणार.

"रशियन शिकवायला म्हशीत आणलंय व्हय पोरीला? बास झाली शिकवणी! आजच स्थळाला होकार कळवतो. चल, बस गाडीवर."

"मुलाखत झाल्यावर न्या," मी म्हणाले. "तोवर ती माझ्याकडे शिकते आहे, आणि माझी रीत मी बदलणार नाही."

ते तिच्याकडे वळले. आजवर ती वडिलांशी कधी भांडलीच नव्हती. भांडणार कशात? इंग्रजी त्यांना कळत नव्हतं आणि मराठीला त्यांचीच बंदी.

तिनं पेला खाली ठेवला.

"मी न्हाय येणार, डॅडी. मी शिकणार हाय. तुमी जावा घरला."

गवळ्याचा हात थांबला. मागे सरणं माझ्या स्वभावात नाही.

"हं," मी तिला म्हणाले, "आता हेच रशियनमध्ये सांग."

तिनं सांगितलं. वडिलांच्या डोळ्यांत बघून, मोठ्यानं.