पळस्प्याहून निघालेली रेघ

सांगतो, पण तुमचा चहा आधी संपवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आला होता. सगळे हसत होते आणि माझी मान काही वर होत नव्हती!

तर मी पनवेलच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. म्हणजे मी शिकवतो आणि मुलं मोबाइल बघतात. इतकी वर्षं हे सोसल्यावर वाटलं, आपल्यालाही कुणीतरी मन लावून वाचावं की नाही? म्हणून मी पत्रिका काढली. ईमेलवर, दर सोमवारी, फक्त वर्गणी भरणाऱ्यांना. नाव 'बाजाराची नाडी'. व्याजदर, महागाई, शेअर बाजार, सगळं सोप्या मराठीत.

पहिली वर्गणीदार कोण? माझी बायको सुलभा. तिनं वर्गणी माझ्याच खात्यातून भरली. दुसरी माझी आई. तिला ईमेल नाही, पण मुलाचं मन कोण मोडणार? तिसरे आमच्या कॉलेजातले शारीरिक शिक्षणाचे भोईर सर. ते बहुधा माझा ससेमिरा चुकवायला सभासद झाले; अंक काही त्यांनी कधी उघडला नाही. मग गाडी तिथेच अडली.

मग मी तो अंक काढला.

त्यात सरकारी कर्जरोख्यांच्या व्याजाचा आलेख होता. कमी मुदतीचं व्याज इकडे, लांब मुदतीचं तिकडे, आणि दोन्हींना जोडणारी एक रेघ. ही रेघ वळली की अर्थव्यवस्थेत काहीतरी शिजतंय असं समजतात. आता साधा वाचक आकडे बघून घाबरतो. म्हणून मी आकडे काढून टाकले. शब्दही काढले. राहिली एक वळणदार रेघ आणि तिच्यावर चार-पाच ठिपके. वर मथळा दिला: 'वळण कुठे येणार? ज्याला आधी दिसलं, तो जिंकला!'

काय मथळा होता! स्वतःवरच खूश होऊन मी त्या दिवशी दोनदा चहा मागितला. जाहिरात म्हणून मथळा आणि रेघेचं एक टोक कॉलेजच्या मुलांच्या मोबाइल ग्रुपवरही टाकलं.

आणि वर्गणीदार यायला लागले. शहरातून नाही, गावांतून! पळस्पे, चिरनेर, मधली सगळी गावं. मी सुलभाला म्हणालो, "बघ, ग्रामीण भागाला कर्जरोख्यांची भूक आहे." ती भाजी निवडत राहिली.

एके दिवशी कॉलेजच्या फाटकापाशी मोठी पांढरी गाडी थांबली. आतून दामूशेठ उतरले. पळस्प्याच्या पलीकडचे मोठे जमीनदार. गळ्यात साखळी, हातात माझा छापून घेतलेला अंक.

"सर, ही रेघ लय भारी हाय. पन ती हितं वळते, ते नक्की ना?"

"दामूशेठ, ती उगाच वळत नाही! वळली की सगळ्या देशाचं लक्ष जातं."

"म्हंजे सरकारचंच हाय हे?"

"सरकारचंच! खासगी मी घेतलंच नाही."

"आनि कवा?"

"वर्षा-दोन वर्षांत परिणाम दिसायला लागेल."

दामूशेठनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, "सर, तुमच्यासारखा मानूस पनवेलात हाय आनि आमाला म्हाईत नाय!" मला भरून आलं. खरं सांगतो, मला वाटलं, अर्थशास्त्र जनतेपर्यंत पोचलं.

आता तुम्ही विचाराल, शंका नाही आली? अहो, कौतुक चालू असताना शंका कुणाला येते?

पुढच्याच आठवड्यात भोईर सरांनी मला स्टाफरूमच्या कोपऱ्यात ओढलं. "सर, आतली बातमी आहे. पळस्प्याहून थेट चिरनेरकडे नवा रस्ता येतोय. न्हावा शेव्याचे सगळे कंटेनर तिकडून जाणार. जमीन घेऊन ठेवा."

"खात्री काय?"

"नकाशा फिरतोय सर! मी पाहिला नाही, पण गावात ज्यांनी पाहिलाय ते शपथेवर सांगतात. माहिती देणारा माणूस फार मोठा आहे म्हणे. पैसे भरणाऱ्यांनाच देतो."

मी मनात म्हणालो, बघा, काही लोकांची पत्रिका कशी चालते!

आणि इथे मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यासाठीची रक्कम बाजूला ठेवलेली होती. आई दिवसभर खुर्चीत, पाय स्टुलावर. उठताना भिंतीचा आधार. आणि मी हिशेब केला की जमिनीचा भाव दुप्पट झाला, तर एका गुडघ्याच्या पैशात दोन्ही गुडघे होतील! सुलभाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. रस्ता कुणी काढला, कुठून काढला, काही विचारलं नाही. वर्गात मुलांना ऐकीव माहितीवर पैसे लावू नका म्हणून घसा कोरडा करणारा मी, टोकनचा चेक खिशात घालून रिक्षात बसलो.

जमीन कुणाची? दामूशेठचीच! थोडे गुंठे विकायचे होते त्यांना, रस्त्याच्या भावानं. मला ओटीवर बघून ते उठूनच उभे राहिले.

"सर, तुमी सोता? मग आता बोलायलाच नको!"

चहा आला, पेढे आले. चेक दिला. मग म्हणालो, "दामूशेठ, घरी दाखवायला तो रस्त्याचा नकाशा मिळेल का?"

दामूशेठ पोट धरून हसले. "सर मस्करी करतात!" आतून त्यांनी गावाचा नकाशा आणला. त्यावर एक पारदर्शक कागद चिकटवलेला. आणि त्या कागदावर काय होतं सांगू?

माझी रेघ! माझी, कर्जरोख्यांची, बिनआकड्यांची!

"हा ठिपका पळस्पे," दामूशेठ बोट फिरवत होते, "ह्यो चिरनेर. मदले ठिपके उड्डाणपूल. आनि ही वळते तितं आमचं शेत. बराबर ना?"

आमच्याकडे हे असंच आहे हो. विमानतळ झाला, महामार्ग झाले, रेल्वे झाली. कागदावर रेघ दिसली की माणूस पहिल्यांदा बघतो, ती आपल्या शेतातून जाते का. हे पनवेलात जन्मलेल्या मला कळायला नको होतं?

"दामूशेठ, हा रस्ता नाही. हे व्याज आहे!"

त्यांनी डोळा मारला. "समजलो सर. बायेर बोलायचं नाय."

"अहो, खरंच नाही! माझा चेक परत द्या."

त्यांचा चेहरा पडला. "ओटीवर घेतलेला चेक परत? सर, लोक म्हनतील दामूच्या जमिनीत खोट हाय. माजं नाव जाईल."

मी खूप सांगितलं. अर्थशास्त्र सांगितलं. मी जितकं नाही म्हणतोय तितकी त्यांची खात्री वाढत होती. माझ्या डोळ्यांपुढे आईचा स्टुलावरचा पाय. शेवटी तोंडातून निघून गेलं, "दामूशेठ, तुम्ही ही जमीन विकूच नका. भाव अजून चढेल."

बस्स! चेक क्षणात माझ्या हातात. वर पेढ्यांचा पुडा. दामूशेठचे डोळे पाणावले. "दुसरा कोन असता तर जमीन गुपचूप घेतली असती. सर, तुमी देवमानूस हाव!"

खरं बोललो तर विश्वास नाही, आणि खोटं बोललो तर देवमाणूस. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण ती जमीन आता विक्रीला नव्हती.

परतीच्या रिक्षात बसूनच सगळ्या वर्गणीदारांना खुलासा पाठवला: 'तो आलेख रस्त्याचा नाही, कृपया जमीन घेऊ नये.' घर येईपर्यंत उत्तरं आली. सगळ्यांचं एकच: 'समजलो सर.'

घरी आलो. आई खुर्चीत बसलेली. सुलभानं पेढे घेतले आणि लगेच सुरू झाली. "ऐकलंत का? खालच्या म्हात्रे वहिनींना माहेराहून फोन आला. पळस्प्याला नवा रस्ता येतोय. एक फार मोठे अर्थतज्ज्ञ आज स्वतः जमीन बघून गेले म्हणे! आणि तुम्ही? इथेच राहता, अर्थशास्त्र शिकवता, तुम्हाला पत्ता नाही!"

"कोण आहे तो अर्थतज्ज्ञ?" मी अगदी हळू विचारलं.

"नाव नाही कळलं. पण माणूस हुशार असणार."

"गाढव आहे तो," मी म्हणालो. "एक नंबरचा गाढव!"

सुलभानं पेढ्यांचा पुडा दाणकन टेबलावर ठेवला. "बघितलंत, आई? दुसऱ्या कुणाला अक्कल असली की यांच्या पोटात दुखतं!"